आठव्या संध्याकाळची पाणसळ

"मग आता यात काय खोट आहे, ते तरी सांगा."

राहमीम हे तिसऱ्यांदा विचारत होता. हसाजीकाका ओटीवर बसून नारळ सोलत होते. ते सोलतच राहिले.

दोघांच्या मध्ये राहमीमने केलेला हनुकिया, म्हणजे हनुक्का सणात लावायची दिव्यांची ओळ, ठेवला होता. सागवानी फळी, तिच्यावर पितळेच्या आठ वाट्या एका ओळीत, आणि बाजूला जरा उंचावर, उचलता येणारी नववी. वाट्या त्याने कारखान्यातल्या लेथवर स्वतः काढल्या होत्या. एकीत आणि दुसरीत केसाचाही फरक नाही, हे तो आळीत घरोघरी सांगून आला होता.

"खोट आहे असं मी म्हटलं का?"

"चांगला आहे असंही म्हणाला नाहीत."

"हं…"

या 'हं'ने राहमीमचं डोकं फिरायचं. चार वर्षं तो काकांकडे हिब्रू प्रार्थना शिकत होता आणि चार वर्षांत त्याच्या वाट्याला मुख्यतः 'हं'च आला होता.

अलिबागेकडच्या त्या गावात बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, सहाच घरं उरली होती. पण सिनेगॉग, त्यांचं प्रार्थनामंदिर, होतं, आणि त्याच्या मधल्या चौथऱ्यावर उभं राहून प्रार्थना चालवायला कुणीतरी हझान लागतोच. चाळीस वर्षं ते काम काकांनी केलं. आता दुसऱ्या पानापाशीच त्यांचा आवाज बसायचा. सगळ्या प्रार्थना तोंडपाठ असलेला दुसरा माणूस गावात एकच, राहमीम झिराडकर. काका हो म्हणाले की चौथरा त्याचा. त्याला तो हवा होता, आणि हवा आहे हे तो लपवतही नव्हता.

शेवटी त्याने सरळच विचारलं होतं. काका म्हणाले, हनुक्का येतोय, स्वतःच्या हाताने हनुकिया कर, आठ संध्याकाळी लाव, आठव्या संध्याकाळी मी येतो, मग बघू.

राहमीमला हा सरळ अपमान वाटला. कारखान्यात ज्याच्या मापावर साहेब डोळे मिटून सही करतो, त्याला शाळेतल्या पोरासारखं हस्तकाम!

तरी त्याने केलं. आधी आठ करवंट्या फळीवर चिकटवून नेल्या. काकांनी एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाले की आठही दिवे एका पातळीत हवेत, कुणी वर नाही, कुणी खाली नाही. फक्त नववा, ज्याने बाकीचे लावायचे तो शमाश, म्हणजे सेवक, तो वेगळा. राहमीमला हे माहीत नव्हतं थोडंच? पण घाई नडली.

मग त्याने एक लांबट पत्र्याचा ट्रे केला आणि त्यात आठ वाती सोडल्या. पातळीचा प्रश्नच मिटला. काका म्हणाले, ही तर होळी झाली. प्रत्येक दिव्याचं तेल त्याचं त्याचं हवं.

आणि आता हा तिसरा. याच्यात खोट काढायला काका कुठून आणणार? तेच ऐकायला तो आला होता.

काकांनी नारळ खाली ठेवला. हात पंच्याला पुसले.

"लाव हाच."

"म्हणजे बरोबर आहे ना?"

"लाव."

बस्स. 'शाब्बास' म्हणायला पैसे पडतात की काय, असं पुटपुटत राहमीम घरी आला.

हनुक्का लागला. जेरुसलेमच्या मंदिरात एका दिवसाचं तेल आठ दिवस पुरलं, त्याची ही आठवण. पहिल्या संध्याकाळी एक दिवा, दुसऱ्या संध्याकाळी दोन, असे वाढत जायचे. राहमीमच्या घरी दिव्यांबरोबर आणखी एक गोष्ट वाढत गेली, ती म्हणजे त्याच्या बायकोचा, सिपोराबाईचा वैताग.

रिवाज असा, की दिवे जळत असतात तोवर घरातल्या बायकांनी कामाला हात लावायचा नाही. सिपोराबाई वर्षभर या आठ अर्ध्या तासांची वाट बघायची. खुर्ची खिडकीसमोर ओढायची, हात मांडीवर ठेवायची. पण यंदा तिच्या आणि दिव्यांच्या मध्ये नवरा वाकलेला असे. फळीखाली कागदाची घडी सरकव, उद्यासाठी ती काढून पुठ्ठ्याची आण, वात केसभर वर घे, पुन्हा खाली घे. तिने एकदा बाजूला व्हायला सांगितलं. तो म्हणाला की आठव्या दिवशी म्हातारा नाक मुरडेल तेव्हा तू उत्तर देणार आहेस का? ती गप्प बसली. चिडलेल्या बाईचं गप्प बसणं काय असतं, ते घरोघरी ठाऊक आहे.

आठव्या संध्याकाळी काका आले. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात घरच्या खोबरेल तेलाची बाटली. सूर्य नुकताच सुपारीच्या बागेमागे गेला होता. दिवे खुलून दिसावेत म्हणून सिपोराबाईने ट्यूबलाइट बंद केली.

राहमीमने वाट्या काकांच्या तेलाने भरल्या. शमाश पेटवला. आशीर्वाद म्हटले, आवाज असा लागला की रस्त्यावरून जाणारी सायकल थांबली. डावीकडच्या नव्या दिव्यापासून सुरुवात करून उजवीकडे एकेक लावत गेला. कुठे चूक नाही. मग दिव्यांसमोर म्हणायचा हिब्रू पाठ त्याने म्हटला, आणि काकांवर छाप पडावी म्हणून त्याचा अर्थही मराठीत सांगितला…

"हे दिवे पवित्र आहेत. यांचा उपयोग करून घेण्याची आम्हांला परवानगी नाही. यांच्याकडे फक्त पाहण्याची आहे."

शेवटी शमाश त्याच्या जागी ठेवला आणि त्याने काकांकडे पाहिलं.

काका काही बोलले नाहीत. 'हं'सुद्धा नाही.

आता मात्र राहमीमचा धीर सुटला. फडताळातून त्याने पाणसळ काढली. पातळी बघायला गवंडी वापरतात तीच, काचनळीत बुडबुडा असलेली पट्टी. ती वाट्यांच्या पुढे फळीवर आडवी ठेवली आणि तो डोळे बारीक करून तिच्यावर वाकला.

"या, काका. स्वतःच बघा. बुडबुडा बरोबर मधोमध आहे. एक रेघ इकडे नाही, एक रेघ तिकडे नाही."

काका उठले नाहीत.

"कशाच्या उजेडात बघतोयस?"

राहमीम ताठ झाला. खोलीत दुसरा उजेड नव्हता. पण चार वर्षांचं शिक्षण फुकट गेलेलं नव्हतं.

"शमाशच्या," तो म्हणाला. "चुकून उजेड वापरला गेला तर तो सेवकाचा धरावा, म्हणून तर नववा दिवा असतो. तुम्हीच शिकवलंत."

"खरं आहे."

"मग? नियम कुठे मोडला?"

"नाही मोडला."

"मग आता तरी सांगा ना काका, काय राहिलं माझं?"

काकांनी सुस्कारा सोडला. वैताग काय एकट्या शिष्यालाच येतो?

"नोकराच्या उजेडात आज मोजलंस. काल, परवा, तेरवाही मोजलं असशील. आठांकडे बघितलंस कधी?"



"मी सांगते काका," मागून सिपोराबाई म्हणाली. "सात संध्याकाळी झाल्या, मी यांची पाठ बघतेय."

राहमीमला लाज वाटली. रागही आला, आणि तो नेमका कुणावर काढावा ते कळेना. त्याने पाणसळ उचलली, ठेवायची कुठे ते न सुचून हातातच धरली, आणि बायकोच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसला.



आठ दिवे जळत होते. सुरुवातीला त्याला त्यातल्या वातीच दिसल्या, कुठली आखूड, कुठली काजळी धरतेय. त्याचा हात एकदा पुढे झाला. सिपोराबाईने तो धरला आणि सोडला नाही. ज्योती वाऱ्याबरोबर झुकत होत्या, परत उभ्या राहत होत्या. खिडकीबाहेर शेजारच्या म्हात्र्यांची सून धाकट्याला कडेवर घेऊन दिवे बघत उभी होती. किती वेळ गेला ते त्याला कळलं नाही. पाणसळ केव्हा हातातून सुटून सतरंजीवर गेली, तेही नाही.

मग तेल संपत आलं. एक विझला, थोड्या वेळाने दुसरा. शेवटचा बराच वेळ फडफडला आणि गेला. शमाशच तेवढा उरला.

सिपोराबाई चहा टाकायला उठली.

"आधी कुठला विझला?" काकांनी विचारलं.

केसाचा फरक सांगणारा माणूस तो. त्याने आठवून पाहिलं. डावीकडचा? की मधला…

"बघत होतो, काका," तो म्हणाला. "लक्षात नाही."

काकांनी टोपी नीट केली. तेलाची रिकामी बाटली उचलली. चहा न घेताच उंबऱ्यापर्यंत गेले आणि तिथे चौकटीला धरून थांबले.

"या शनिवारी प्रार्थनेला मी बाकावर बसणार. चौथरा चढायला पाय दुखतात माझे."