राखेवरचा तळहात

दोन गावांच्या शिवेवर सात घरांची एक वस्ती होती. ती ना या गावात मोडत होती, ना त्या. त्यामुळे तिथे ना पाटील फिरकत असे, ना दवंडी पोहोचत असे. थंडी मात्र न चुकता पोहोचे, आणि मग सातही अंगणांत शेकोट्या पेटत.

वस्तीत हैबती नावाचा कुंभार होता. त्याचा सारा जन्म भट्टीपाशी गेलेला, म्हणून शेकोटीचे नियम त्यानेच घालून दिले. गंजीपासून वीस पावलं लांब पेटवायची. शेजारी पाण्याची घागर भरून ठेवायची. वारा सुटला की विझवायची. आणि राखेवर तळहात टेकवून ती गार आहे हे कळल्याशिवाय जागचं उठायचं नाही. जो चुकेल, त्याच्या अंगणात त्या हिवाळ्यात शेकोटी पेटणार नाही.

मागच्या वर्षी गोधड्या शिवणारी म्हातारी ठकूबाई चुकली होती. राख गरम असतानाच ती उठली, हे हैबतीनेच पाहिलं आणि हैबतीनेच सांगितलं. बिचारीने तो हिवाळा दुसऱ्यांच्या अंगणात बसून काढला, पण कुरकुर केली नाही.

यंदा एका सकाळी हैबतीच्या दारात गिऱ्हाईक आलं. तो शेकोटीवरून तसाच उठला आणि मडकी दाखवू लागला. तेवढ्यात वारा सुटला आणि बघता बघता शेजारच्या सुभानाची कडब्याची गंजी पेटली. सगळ्यांनी धावत येऊन घागरी ओतल्या, तरी अर्धी गंजी जळालीच. सुभानाच्या बैलांची उन्हाळ्याची वैरण होती ती.

वारा ज्या बाजूने आला, तिकडे दोनच अंगणं होती. एक ठकूबाईचं, दुसरं हैबतीचं. हैबतीकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही.

"ठकूबाई, पुन्हा तेच?" सुभाना म्हणाला.

"माझी राख गार आहे, बाबा. हात लावून बघ."

"आता झाली असेल गार."

म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. हैबती गप्प राहिला असता, तर त्याला कोणी काही विचारलं नसतं. पण तो आपल्या शेकोटीपाशी गेला आणि सगळ्यांच्या देखत त्याने राखेवर तळहात टेकवला. हात भाजला. तसाच तो वर करून त्याने लोकांना दाखवला.

"ठिणगी इथून उडाली. नियम माझा आणि चूकही माझीच."

कुंभाराचा हात तो. पंधरा दिवस चाकाला लागला नाही. पुढे सबंध उन्हाळा सुभानाच्या बैलांना हैबतीने लांबून चारा आणून घातला.

गंजी जळाली त्याच संध्याकाळी गारठा वाढला. हैबतीचं अंगण अंधारात होतं. तो ठकूबाईच्या अंगणाशी येऊन नुसताच उभा राहिला.

"ये, बस," ठकूबाई म्हणाली. "उठताना राख मी बघीन. तुझ्या हाताला फोड आहे."

तात्पर्य: ज्याने नियम घालून दिला, त्याने चुकल्यावर पहिला चटका स्वतः सोसावा, तेव्हाच तो नियम सगळ्यांचा होतो.