द्वारकाबायची निशाणी

बंदराला धक्का नव्हता आणि होडीला वल्ह्या-शिडाखेरीज दुसरं बळ नव्हतं, त्या काळी कर्लेबंदरात द्वारकाबाय नावाची बाई होऊन गेली. नीट बसून ऐका. मध्ये बोलू नका.

कर्लेबंदरात दोन वाड्या. उत्तरेला दांडावाडी, दक्षिणेला खाजणवाडी, आणि मधे वाळूचा लांब पट्टा. दोन्ही वाड्यांची मिळून एक रापण. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. त्याच्या एका टोकाचा दोर दांडावाडीने धरायचा. होडी जाळं सोडत समुद्रात वळसा घ्यायची आणि दुसऱ्या टोकाचा दोर खाजणवाडीच्या हातात द्यायची. मग दोन्ही वाड्यांनी सारख्या जोराने ओढायचं. एका वाडीने ओढलं आणि दुसरी थांबली, तर मासा निसटलाच.

द्वारकाबाय खाजणवाडीची लेक आणि दांडावाडीची सून. तिचा सासरा आत्माराम तांडेल टेंबावर, म्हणजे किनाऱ्यावरच्या टेकाडावर, उभा राहून मासा हेरायचा. त्याची नजर गेली तेव्हा ते काम सुनेकडे आलं. तिची नजर घारीची, पण तोंड त्याहून तिखट. ती बोलायला लागली की भरती सुरू व्हायची आणि ओहोटीलाही ती बोलतच असायची, असं म्हणतात. बायका म्हणायच्या, "ह्यां गप रवलां तर दर्यो आटतलो!"

एका वर्षी भरलेली रापण ओढताना मासा सुटला.

"तुमचो दोर ढिलो पडलो!" दांडावाडी ओरडली.

"दोर आमचो ढिलो नाय, जीभ तुमची लांब!" खाजणवाडीने उत्तर दिलं.

शब्दाला शब्द लागला. बाप काढले गेले. संध्याकाळी दोन्ही वाड्यांनी सातेरी देवीपुढे वेगवेगळा नारळ ठेवला आणि एकच शपथ घेतली: त्या वाडीशी जो तोंडाने बोलेल, त्याच्या घरची होडी पालथी होवो.

तेव्हापासून अबोला पडला. रापण मांगरात, म्हणजे जाळी ठेवायच्या खोपीत, पडून राहिली आणि उंदरांनी तिच्यात घरं केली. दोन पावसाळे गेले. लोक कुळथाची पेज पिऊन झोपू लागले. द्वारकाबायचा भाऊ पुंडलीक खाजणवाडीचा म्होरक्या होता. तो वाटेत दिसला तर तिने पदर ओढून पुढे जायचं. तिचा नवरा काशीराम होडी हाकायचा, म्हणजे शपथ मोडली तर बुडणार होता तोच. बोलकी बाई ती, पण भावापुढे तिची जीभ टाळ्याला चिकटायची.

मग नारळी पौर्णिमेनंतरच्या एका सकाळी ती टेंबावर गेली. आभाळात एकही ढग नव्हता, तरी पाण्यावर ढगाची सावली पडल्यासारखा डाग होता, आणि तो डाग किनाऱ्याकडे सरकत होता. बांगडा! एवढा बांगडा कर्लेबंदराने आधी पाहिला नव्हता.

ती धावत घरी आली. "मामंजी, बांगडो इलो! आख्खो दर्यो काळो पडलो!"

म्हातारा ओसरीवर जाळ्याची गाठ चाचपत होता. "येवंदे. दोर दोन आसत. दुसरो कोण धरतलो? भावाक हाक मारतलंस? माझो झील बुडवतलंस?"

"हाक कोण मारता? सपत तोंडान घेतली, मामंजी. हातानी खंय घेतली?"

म्हाताऱ्याने डोक्याचं पांढरं मुंडासं सोडलं आणि सुनेच्या दिशेने धरलं. सासऱ्याचं मुंडासं सुनेच्या हाती आलेलं त्या गावात कुणी ऐकलं नव्हतं. मुंडासं बघून दांडावाडी काय ते समजली. रापण होडीत चढली.

द्वारकाबाय टेंबाच्या टोकाला उभी राहिली. तिने मुंडाशाचं कापड समुद्राकडे फडकावलं, होडी सरळ गेली. डावीकडे झुलवलं, होडी वळली. खाली आपटलं, काशीरामने जाळं सोडायला सुरुवात केली. ती तेव्हा ताडाएवढी उंच झाली होती आणि तिच्या हाताची सावली पाण्यावर पडली की मासा आत वळत होता, असं म्हणतात.

होडी खाजणवाडीच्या किनाऱ्याला आली. दोराचं टोक पाण्यात तरंगत होतं. खाजणवाडीची माणसं वाळूवर जमली होती, पण पुंडलीक समुद्राकडे आणि बहिणीकडे पाठ करून, हाताची घडी घालून उभा. हाक मारायची सोय नव्हती. हा दोर वाहून गेला, की दोन्ही वाड्या पुन्हा पेजेवर.

पण ज्याने तिच्याकडे पाठ केली होती, त्याच्यासमोर तिला बघणारी शंभर तोंडं होती. पुंडलीकला ती तोंडं दिसली. उघडी पडलेली, डोळे वर लागलेले. त्याला राहवेना. तो वळला.

लहानपणी ही भावंडं खाजणातल्या चिखलात मुळे, म्हणजे शिंपल्या, वेचायची, तो एका काठाला, ती दुसऱ्या. वारा शब्द उडवून न्यायचा, म्हणून दोघांनी खुणा ठरवल्या होत्या. द्वारकाबायने कापड खांद्यावर टाकलं आणि दोन्ही मुठी छातीशी घट्ट धरल्या. धर, सोडू नको.

पुंडलीक कमरेएवढ्या पाण्यात शिरला आणि त्याने दोर धरला. त्याच्यामागे सगळी खाजणवाडी दोराला लागली. काशीरामने होडी परत दांडावाडीला नेली आणि आपल्या वाडीचा दोर धरला.

मग ओढ सुरू झाली. हाळी नाही, आरोळी नाही. दोन्हीकडच्या नजरा टेंबावर. तिचा हात वर, की ओढा. तळवा खाली, की थांबा. दांडावाडी घाई करू लागली, तेव्हा तिने नुसती मान तिरकी केली आणि चाळीस माणसं वरमली. कावळेसुद्धा त्या वेळी ओरडले नाहीत, असं म्हणतात.

रापण जशी आत येते, तसे दोन दोर एकमेकांजवळ येतात. ओढणारेही सरकत येतात. जाळं वाळूला लागलं तेव्हा काशीराम आणि पुंडलीक यांचे खांदे एकमेकांना घासत होते. समोर बांगड्याचा डोंगर उसळत होता, चांदी ओतल्यासारखा. पुंडलीकने वाकून सर्वांत मोठा बांगडा उचलला आणि मेहुण्याच्या हातात ठेवला. बांगडा फडफडला आणि काशीरामच्या थोबाडीत बसला.

पुंडलीक हसला. काशीराम हसला. मग दोन्ही वाड्या पोट धरून वाळूवर लोळल्या. हसायची शपथ कुणी घेतली नव्हती.

त्याच दुपारी दोन्ही वाड्यांनी सातेरीला कौल लावला. देवीने उजवं फूल देऊन होकार दिला आणि शपथ सुटली. द्वारकाबाय भावाच्या दारात बसून बोलायला लागली, ती दोन वर्षांचं बोलून उठली तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता, असं म्हणतात.

आजही कर्लेबंदरात वर्षाची पहिली रापण द्वारकाबायच्या नावाने टाकतात. टेंबावर एका वाडीची लेक आणि दुसऱ्या वाडीची सून असलेली बाईच उभी राहते. जाळं वाळूला लागेपर्यंत कुणी तोंड उघडत नाही. गावात ज्यांचा अबोला असेल, त्यांना हुडकून आणतात, एकाला ह्या दोरावर आणि दुसऱ्याला त्या दोरावर पुढे उभं करतात, आणि ओढायला लावतात.

तिथून अबोला घेऊन घरी गेलेला माणूस कर्लेबंदराने अजून पाहिलेला नाही.