पेंढ्याखालचे मडके

फार पूर्वी वेत्रवती नगरीत राजा महाकोश राज्य करत असताना बोधिसत्त्व डोंगरपायथ्याच्या एका गावात मधपाळाच्या घरी जन्मले. पुढे गावाने त्यांना मुखिया केले. मोहरी फुलण्याआधी ते घरोघर जाऊन मधमाश्यांची मडकी तपासत. कुणाच्या मडक्यात अळ्या सडलेल्या आढळल्या, तर त्याची सगळी मडकी जाळायची आणि त्याला खोऱ्याबाहेर काढायचे, असा नियम होता.

त्याच गावात विनता नावाची एक बाई राहत असे. माश्या पाळायला लागून तिला जेमतेम वर्ष झाले होते. मडकी तीनच, पण काळजी शंभर मडक्यांची. दारात चार मेलेल्या माश्या दिसल्या तरी तिला घास गिळवत नसे, आणि शेजारचा बलाहक त्यावरून तिची थट्टा करी. या वर्षी मात्र काळजी खरी ठरली. एका मडक्यातल्या पोळ्यात अळ्यांच्या घरांवरची झाकणे खचली होती, आंबूस वास येत होता, आणि आत काडी घालून ओढली तर डिंकासारखी तार निघत होती. खोऱ्याबाहेर तिचे कुणीच नव्हते. तपासणीच्या दिवशी पहाटे, माश्या बाहेर पडण्याआधी, तिने त्या मडक्याचे तोंड शेणाने लिंपले आणि ते गोठ्यातल्या पेंढ्याखाली दडवले.

बोधिसत्त्व आले. मागे बलाहक आणि दहा-बारा माणसे होती. दोन मडकी निरोगी निघाली. माणसे परत वळली आणि तेवढ्यात गोठ्यातून गुणगुण ऐकू आली. कोंडलेल्या माश्या वाट शोधत होत्या. विनता घाईघाईने ताक घेणार का म्हणून विचारू लागली. बोधिसत्त्वांनी पेंढ्याकडे पाहिले, मग तिच्याकडे. बलाहक म्हणाला की पेंढा उपसून बघू या, नियम सगळ्यांना सारखाच.

बोधिसत्त्व जागचे हलले नाहीत. ते ओसरीवर बसले.

“हा नियम मी केला,” ते म्हणाले. “वाटलं होतं, धाक बसला की रोग जाईल. रोग गेला नाही, लपायला शिकला. चूक माझी आहे. आजपासून जो आपलं सडकं मडकं स्वतः दाखवेल, त्याचं तेवढंच जाळायचं, आणि त्याच्या बदल्यात माझ्या घरचं निरोगी मोहोळ त्याला मिळेल. माझी संपेपर्यंत.”

त्यांच्याकडे चाळीस मडकी होती, आणि म्हातारपण त्या मडक्यांवरच चालायचे होते. विनता गोठ्यात गेली आणि तिने मडके आणून बोधिसत्त्वांपुढे ठेवले.

“बाबा, मी लपवलं होतं,” असे म्हणून ती रडू लागली.

बलाहक त्या मडक्याजवळ येऊन उभा राहिला. मग म्हणाला, “माझ्याकडे सहा आहेत. गेल्या वर्षीपासून.”

त्याच्यामागून आणखी दोघे पुढे झाले. संध्याकाळपर्यंत अकरा मडकी जळाली. बोधिसत्त्वांच्या अंगणातून अकरा मोहोळे गेली, आणि बलाहकाला द्यायची सहा त्यांनी स्वतः उचलून त्याच्या दारी नेली. मोहरी फुलली तेव्हा खोऱ्यात एकही पोळे सडलेले नव्हते.

एवढी गोष्ट सांगून तथागत समोर जमलेल्या संघाला म्हणाले, “तेव्हाची विनता म्हणजे आपली चूक लपवून तीन दिवस उपाशी राहिलेली ही भिक्खुणी. तेव्हाचा मुखिया मी. आणि बलाहक म्हणजे हिला संघातून काढा म्हणणारा हा भिक्खू. याने स्वतःची चूक अजून दाखवलेली नाही. मी वाट पाहीन. धाक न घालता अशी वाट पाहणे, यालाच अभयदान म्हणतात.”