गोधडीतला निळा तुकडा

कृष्णाकाठच्या शेंदूरवाडीत सखोबामहाराजांचा मठ होता. कुणी शाल पांघरली तर महाराज ती वाटून टाकत. त्यांच्या अंगावर असायची ती गोधडीच! गुरूंच्या पुण्यतिथीसाठी घराघरातून एकेक सुती तुकडा यायचा, त्या तुकड्यांची गोधडी व्हायची. महाराज ती स्वतः नदीत बुडवून काढत आणि वाळली की मगच पांघरत. शिवायचं काम तुळसाक्काचं. एकुलती लेक बाळंतपणात गेल्यापासून तिला मठाशिवाय दुसरं घर उरलं नव्हतं.

त्या वर्षी तिने आपल्या घरचा तुकडा म्हणून लेकीचं लुगडं कापलं. मेण लावून रंगवलेलं, गर्द निळं बाटिक. पोरीने ते डोहाळजेवणाला एकदाच नेसलं होतं. त्याला लागूनच मठाचे कारभारी बाबासाहेब इनामदार यांच्या पांढऱ्याशुभ्र धोतराचा तुकडा बसला.

पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी इनामदार गोधडी बघायला आले आणि चारचौघांत हसत सुटले.

"अगं, पांढऱ्याला हे असलं भडक जोडतात का? पहिल्या पाण्यात रंग सुटेल! माझ्या धोतराला एक ठिपका जरी लागला, तरी या मठाची पायरी तुला बंद."

बाटिक आधी मिठाच्या पाण्यात भिजवायचं असतं, हे तुळसाक्काला ठाऊक नव्हतं थोडंच! पण भिजवलं असतं तर त्याला राहिलेला लेकीचा वास गेला असता. म्हणून तिने ते तसंच कोरडं शिवलं होतं. आता उसवायला वेळ नव्हता. मठ सुटला तर जायचं कुठे?

दुसऱ्या दिवशी सारा गाव घाटावर जमला. महाराज गोधडी घेऊन कमरेइतक्या पाण्यात उतरले. शेवटी तुळसाक्काला राहवेना.

"म्हाराज, बुडवू नगासा! निळं कापड म्या भिजवलंच न्हाई. लेकीचा वास जाईल म्हून भ्याले वो!"

"ऐकलंत?" इनामदार गरजले. "स्वतःच्या तोंडानं कबूल करते!"

महाराज म्हणाले, "अक्का, तुझी लेक माझ्या हातात आहे. तिला पाण्याचं भय कसलं?"

आणि त्यांनी गोधडी बुडवली. बघता बघता पाणी निळं झालं. तुळसाक्काने डोळे गच्च मिटून घेतले. संपलं सगळं!

पण घाटावर कुणी ओरडेना. तिने भीतभीत डोळे उघडले. काय ती माउलीची करुणा! धोतर दुधासारखं पांढरं होतं, बाटिक तसंच गर्द होतं आणि महाराजांचे दोन्ही हात कोपरापर्यंत निळे झाले होते.

"रंग सुटला की, म्हाराज!"

"सुटणारच, अक्का. तो मी घेतला."

ती धावत पाण्यात उतरली, ओल्या तुकड्याला तिने नाक लावलं आणि ती मोठ्याने रडू लागली. लेकीच्या केसांच्या माक्याच्या तेलाचा वास तसाच होता.

इनामदार नेसत्या धोतरासकट पाण्यात शिरले. "महाराज, चुकलो! अक्का, मला माफ कर," म्हणत ते वाकले. महाराजांनी त्यांच्या पांढऱ्या पागोट्यावर हात ठेवला. पाच निळी बोटं उमटली. ते पागोटं इनामदारांनी पुढे जन्मभर कधी धुवायला टाकलं नाही.