पणजोबांची पाटी आणि बेटावरची टेकडी

"ते सगळं राहू द्या हो बाबा! टेकडीवर पहिला कोण चढला, एवढंच सांगा."

लतीफबाबानं दर्ग्याची पायरी झाडायला घेतली.

बेटावरच्या दर्ग्यातला म्हातारा फकीर तो. करवंदं खायला गेलो की आम्ही त्याच्या चपला लपवायचो. हा आपला दिवसभर अनवाणी हिंडायचा, शेवटी आम्हालाच लाज वाटून परत आणून द्याव्या लागायच्या. असल्या माणसाकडून उत्तर काढायचं म्हणजे नखानं कालवं फोडायची!

विचारणारा उल्हास खवणेकर. तालुक्याच्या शाळेत भूगोलाचा मास्तर. जन्म मात्र बेटावरचा. विहिरीचं पाणी खारं झालं तेव्हा सगळी घरं होडीत बसून पलीकडे गेली, त्यात हाही गेला. लहानपणी लतीफबाबाच्या खांद्यावर बसून ही टेकडी चढायचा. आता स्वतःच्या खांद्यावर संगमरवरी पाटी घेऊन आलेला. तिच्यावर कोरलेलं, 'या टेकडीवर प्रथम पाऊल ठेवणारे कै. भिकाजी खवणेकर.'

"माझे पणजोबा हो. आमचे वडील, तात्या, जाताना माझा हात धरून म्हणाले, आजोबांची पाटी लाव. तुम्ही हो म्हटलंत की बसवतो."

"चल वर," बाबा म्हणाला.

एका अंगाला कडा, खाली लाटा. दुसऱ्या अंगाला करवंदाच्या जाळ्या. पाटी वाहून मास्तर घामाघूम. बाबा जरा चालायचा, जरा बसायचा.

"इथं तू रडला होतास. काटा लागला म्हणून."

"मी? छ्या!"

"मग काय मी रडलो?"

मास्तर हसला. पाटी दुसऱ्या खांद्यावर घेऊन पुढं निघाला.

माथ्यावर माणसाएवढा धोंड्यांचा ढीग. बेटाची रीतच तशी. पहिल्यांदा चढणाऱ्या प्रत्येकानं किनाऱ्यावरचा एक धोंडा आणून त्यावर ठेवायचा. लांबून हा ढीग दिसला, की होड्या खडक चुकवून घरी यायच्या.

"तुझाही आहे यात. पेरूएवढा," बाबा म्हणाला. "पणजोबांचा कुठला?"

मास्तर ढिगाभोवती फिरला. "पहिला म्हणजे सगळ्यात खालचा!" म्हणाला, आणि बसून खालचा धोंडा उपसायला लागला.

वरचे धोंडे घरंगळले. एक कड्यावरून गेला... खूप वेळानं पाण्याचा आवाज आला.

"काढ की. थांबलास का?"

मास्तर समुद्राकडे बघत होता. एक होडी ढिगाच्या रोखानं येत होती.

घरंगळलेले धोंडे त्यानं परत रचले. मग पाटी उचलली. नावावरून हात फिरवला... आणि टाचा उंचावून ती ढिगावर आडवी ठेवली. अक्षरं खाली.

"बाजारातला धोंडा," बाबा म्हणाला. "चालेल."

"पण बाबा, तात्यांच्या फोटोपुढं काय सांगू? पहिला कोण चढला?"

बाबानं मान वर करून ढिगाच्या टोकाकडे बघितलं.

"टेकडी एवढी उंच आत्ता झाली, बेटा. हिच्यावर अजून कोणी चढलंच नाही."