बुडणाऱ्याची काठी

एकदा एका नदीच्या काठी तीन पाठशाळा होत्या. एक वर डोंगरात, एक मधल्या खोऱ्यात आणि एक खाली संगमावर, बाजाराच्या गावात. तिन्ही स्वतंत्र. कुणावर राजाची सत्ता नाही, आणि एकमेकींचं ऐकण्याची तर पद्धतच नाही. नदी मात्र तिघींची एकच होती, आणि अधूनमधून ती खालच्या गावातली माणसं घेऊन जायची.

प्रत्येक शाळेत पाणी मोजायची एक काठी होती. शाळा ज्यानं स्थापली त्या मूळ गुरूच्या उंचीची. वरच्या शाळेचा मूळ गुरू ताडमाड होता, म्हणून तिथली काठी लांब. संगमावरचा ठेंगणा, म्हणून तिथली आखूड. रोज सकाळी काठीला गंध-फूल वाहायचं आणि मग पाठ सुरू करायचा, हा तिन्हीकडचा शिरस्ता. नदीला कुणी फूल वाहत नव्हतं.

संगमावर मिठाचा एक व्यापारी राहत होता. एका पुरात त्याचं कोठार विरघळलं आणि आतला म्हातारा राखणदार वाहून गेला. मीठ पुन्हा भरता आलं. राखणदार कुठून भरणार? व्यापारी तिन्ही शाळांच्या पाया पडला. म्हणाला, "तुम्ही ज्ञानी माणसं. एकत्र बसा आणि या नदीचा अभ्यास करा. वर किती चढली म्हणजे खाली किती चढते, एवढं शोधून द्या. खर्च सगळा माझा."

खर्च दुसऱ्याचा म्हटल्यावर विद्वान जमायला वेळ लागत नाही. मांडव पडला, शाली आल्या. कामाला नाव कोणत्या शाळेचं, आसन कुणाचं उंच, कुणाच्या वाट्याला किती, यावर बोलणी चालली. नदीचा विषय निघाला तो जेवणं झाल्यावर.

तेव्हा वरच्या शाळेचे वृद्ध गुरुजी म्हणाले, "आधी काठी एक करा. आमची लांब आहे. हवी तर कापा."

त्यांचा पट्टशिष्य शेजारीच बसला होता. तो ताडकन उठला. "गुरुजी! थोरल्या गुरूंची काठी कापायची? मग आपल्यात आणि रस्त्यावरच्या वाटसरूत फरक तो काय राहिला?"

मांडवात वाहवा झाली. मधल्या शाळेचे आचार्य मान डोलवत म्हणाले, "शिष्य असावा तर असा! ज्याची त्याला काठी. वर जितक्या काठ्या पाणी चढेल, तितके नगाऱ्याचे ठोके द्या. आम्ही ते ऐकून पुढे पोचवू."

संगमाचे आचार्य म्हणाले, "आणि चार ठोके आले की आम्ही गाव टेकडीवर नेऊ. ठरलं."

चार कुणाच्या काठीचे, हे कुणी विचारलं नाही. वृद्ध गुरुजींनी शिष्याकडे एकवार पाहिलं आणि अंगावरची शाल सावरून घेतली.

शिष्याची धाकटी बहीण, येसू, संगमाच्या गावातच दिलेली होती. सभा आटोपून तो तिच्या घरी भाकरी खायला गेला. झाली वाहवा त्यानं दोनदा सांगितली. येसू हसली. "बरं बाबा, मोठा झालास. आता नगारा तेवढा जोरात बडव. नाहीतर म्हणशील, येसूच बहिरी होती."

"तू ऐक आणि पळ म्हणजे झालं."

"तव्यावरची भाकरी टाकून पळेन, दादा."

पुढच्या पावसाळ्यात डोंगरात ढग फुटला. शिष्य काठाच्या चढणीवर छातीभर पाण्यात उभा राहून, पाणी चढेल तशी काठी वर वर लावत मोजत होता. मोजण्यात त्याची कसूर नव्हती, हे आधी सांगून ठेवतो. तीन काठ्या भरल्या. तीनचे चार होतात का म्हणून तो थांबला, झाले नाहीत. तीन आहेत, चार नाहीत, असं म्हणून त्यानं तीन ठोके दिले. मधल्या शाळेनं तीन पुढे धाडले. संगमावर तीन पोचले.

पण वरच्या तीन लांब काठ्या म्हणजे संगमाच्या आखूड काठीनं चारांहून अधिक भरत होत्या. खाली दिवसाढवळ्या माणसं दारात उभी राहून म्हणाली, तीनच आहेत, पाणी पायरीशी येऊन थांबेल. आणि घरात राहिली. पाणी पायरीशी थांबलं नाही.

ओसरल्यावर शिष्य खाली धावला. येसूच्या घराचं जोतं तेवढं उरलं होतं. तिची शेजारीण झाडावर चढून वाचली होती. ती म्हणाली, "मी तिला म्हटलं, चल गं, पाण्याचा रंग बरा दिसत नाही. तर ती म्हणाली, 'माझ्या दादानं मोजलंय. तीनच आहेत.' आणि पीठ मळत बसली."

शिष्य परत आला. सकाळी काठीला गंध लावायचा, पण फूल वाहायचं राहून जायचं.

पुढे व्यापाऱ्यानं पुन्हा सभा बोलावली, या खेपेला डोंगरातल्या शाळेत. त्यानं आणखी मोठी थैली आणली होती. देणारा बिचारा भाबडा असतो. त्याला वाटतं, काम अडलं म्हणजे थैलीच लहान पडली. मधल्या शाळेच्या आचार्यांनी योजना वाचली. मेलेल्यांच्या स्मरणार्थ संगमावर दगडी संशोधन-मंदिर बांधावं, आणि तिन्ही काठ्या तिथं चांदीच्या कोनाड्यांत ठेवाव्यात.

वृद्ध गुरुजी सभेत नव्हते. मागच्या पडवीत पाहुण्यांचा भात शिजत होता, म्हणजे शिजत नव्हता. पावसानं सरपण ओलं झालं होतं आणि चूल नुसती धुमसत होती. गुरुजी फुंकणी टाकून उठले. देवघरात गेले. थोरल्या गुरूंची काठी घेऊन आले, गुडघ्यावर मोडली आणि चुलीत सारली. पिढ्यान्‌पिढ्या तेल पाजलेलं लाकूड, क्षणात पेटलं.

सभा धावत आली. "अहो, हे काय आरंभलंत!" मधले आचार्य ओरडले. "वय झालं म्हणून भ्रमिष्टपणा करायचा?"

शिष्य सगळ्यांत पुढे होता. त्याचा हात चुलीकडे गेला आणि तिथंच थांबला.

"काढतोस बाहेर?" गुरुजींनी विचारलं. "काढ. अजून अर्धी आहे."

शिष्यानं नकारार्थी मान हलवली आणि हात मागे घेतला.

मग गुरुजी धुराकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी तू उठलास तेव्हा तुला खाली बस म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. शिष्य आपल्या शाळेसाठी भांडतोय, हे मलाही गोड लागलं. म्हणून येसूला नेलेल्या पाण्यात माझाही वाटा आहे. तू एकट्यानं तो वाहू नकोस. पोरा, तू बरोबर मोजलंस. मधल्यांनी बरोबर पोचवलं. खालच्यांनी बरोबर ऐकलं. तिघेही बरोबर होते, आणि गाव बुडालं. आता आपली काठी संगमावरच्या शाळेच्या काठीएवढी करायची."

"त्यांचीच का?" मधल्या आचार्यांना राहवलं नाही.

"कारण बुडतात ते तिथं. जो बुडणार, त्याला ज्या मापात कळतं, तेच माप खरं. बाकीची मापं पूजेला ठीक आहेत."

भाताला आधण आलं. व्यापाऱ्यानं थैली उचलून काखेत घेतली आणि विचारलं, "गुरुजी, मग याचं काय करू?"

"खाली घरं बांध त्यांची. काठीला काय लागतं? एक वेळू. तो फुकट मिळतो. महाग पडतं ते जुनी मोडणं."

दुसऱ्या दिवशी शिष्य वेळू खांद्यावर टाकून संगमावर उतरला. तिथल्या आखूड काठीला लावून त्यानं तो कापला. मग येसूच्या जोत्यापाशी जाऊन पहिल्या पायरीवर काठी उभी धरली आणि जिथं तिचा उंबरठा होता, तेवढ्या उंचीवर काठीला सुरीनं एक खाच पाडली. शेजारणीनं विचारलं, "हे रे काय?"

"खूण," तो म्हणाला. "वर मोजताना हात इथं लागावा म्हणून."

त्या काठीला पुढे कुणी गंध लावलं नाही. ती पाण्यात भिजून भिजून काळी पडली. खाच मात्र बोटानं घासून घासून गुळगुळीत झाली.

कुठल्याही शाळांनी मिळून काही शोधायचं मनात आलं, तर मांडव घालण्याआधी आपापली काठी मोडता येते का, तेवढं बघून घ्यावं.