वहाणेला लागलेली माती

पिकलेले धान्य कोठीत दडवणाऱ्याला आपण कंजूष म्हणतो. पण बायांनो, ठाऊक असलेला उपाय पोटात दडवून दुसऱ्याचे हाल बघत बसणाऱ्याला तुम्ही काय म्हणाल?

जेतवनाच्या विहारात असा एक भिक्षू होता. चिघळलेल्या जखमेवर कोणता पाला लावावा, हे त्याला माहीत होते. शेजारच्या कुटीतला भिक्षू पायाच्या तसल्याच जखमेने कण्हत होता, तरी हा तोंड उघडेना. शास्त्यांच्या, म्हणजे भिक्षूंच्या गुरूंच्या, कानी ते गेले. "याची ही खोड आजची नाही," असे म्हणून त्यांनी मागची गोष्ट सांगितली.

काशीदेशात एक राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नदीकाठच्या खेड्यात शेतकऱ्याच्या घरी जन्मले. त्यांचे नाव उदय. त्यांच्या बांधाला लागून सामा नावाच्या बाईचे शेत होते. तिचा नवरा व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर गेला तो परतला नव्हता. तिच्या शेतात पाऊस पडला की मातीवर कडक पापुद्रा धरायचा आणि कोंब आतल्या आत गुदमरायचे. गावची रीत अशी की, न पिकणारी जमीन गावच्या मुख्याने, म्हणजे ग्रामणीने, ताब्यात घ्यावी.

नदीच्या वरच्या अंगाच्या गावातल्या शेतकऱ्यांकडून उदय एक गोष्ट शिकून आले होते. ताग पेरायचा आणि फुलावर येताच नांगरून मातीत गाडायचा. मग माती मऊ राहते; पाण्याने विरघळून पापुद्रा धरत नाही. त्यांनी ते गावाला सांगितले, तेव्हा महाबळ ग्रामणी कडाडला, "उभं हिरवं पीक गाडायचं? मातीला शाप लागेल!" लोक भ्याले. उदयांचे शेत पिके, तर म्हणत, मंत्र येत असेल. ग्रामणीच्या शेताला तर उंच कुंपणच होते. शिवाय दुसऱ्याच्या शेतातली माती उचलली की त्याची लक्ष्मी जाते, असे सारे मानत. म्हणून कोणी कोणाची माती हातात घेतली नव्हती.

सामाच्या शेताचा निवाडा करायला पिंपळाच्या पारावर गाव जमला. महाबळने उदयांना बाजूला घेतले. "तू गप्प राहा. तिचं शेत आपण अर्धं अर्धं घेऊ." सामा मागेच उभी होती. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मला शेत नको, पाण्याची घागर हवी," उदय म्हणाले. घागर आल्यावर ते गावाला म्हणाले, "दुसऱ्याची माती उचलू नये ना? मग प्रत्येकानं आपापल्या शेतातलं वाळलं ढेकूळ आणा."

प्रत्येक ढेकळासाठी उदय परातीत घागरीतले ताजे पाणी घेत. सामाचे ढेकूळ पाण्यात पडताच विरघळले; नुसता गढूळ चिखल. एकामागून एक सगळ्यांचे तसेच झाले. उदयांचे ढेकूळ मात्र तसेच राहिले.

"मंत्र!" कोणीतरी पुटपुटले.

"ग्रामणी, तुमचं ढेकूळ कुठाय?" सामाने विचारले.

"माझ्या शेतातली माती मी आणणार नाही. आणि तुम्ही उचलायची नाही. रीत आहे!"

"रीत मोडत नाही मी, ग्रामणीबाबा. तुम्ही स्वतःच घेऊन आलात की!" ती खाली बसली. त्याच्या वहाणेच्या टाचेला वाळलेली माती चिकटली होती. ती तिने काडीने सोडवली आणि पाण्यात टाकली.

ढेकूळ विरघळले नाही. त्यातून तागाची अर्धवट कुजलेली काडी तेवढी डोकावत होती.

सारे परातीवर वाकून बघू लागले. मग सामाचा आवाज चढला. "आमच्यासाठी शाप आणि तुमच्यासाठी खत होय? माझी पोरं कण्या खाऊन राहिली, आणि तुम्ही कुंपणाआड ताग गाडत होता! वर माझंच शेत घ्यायला निघालात?"

एक म्हातारा हसला, "शापानं तब्येत बरी राखली हो यांची!"

महाबळला मान वर करवेना. सामाचे शेत तिच्याकडेच राहिले. उदयांनी तिला तागाचे बी दिले, तिने पुढच्या शेजारणीला. त्या गावात आपली मूठभर माती शेजाऱ्याच्या हातावर ठेवायची नवी रीत पडली.

गोष्ट संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा महाबळ म्हणजे हा पाला दडवणारा भिक्षू. सामा म्हणजे हा पायाच्या जखमेने कण्हणारा. आणि उदय तो मीच होतो." दानातले हे दान ज्ञानाचे, दिल्याने ते देणाऱ्याकडे कमी होत नाही, म्हणून ते न देणाऱ्याला सबबही उरत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो भिक्षू सगळ्यांना ओढ्याकाठी घेऊन गेला, झुडूप दाखवले आणि स्वतः पाला वाटून आजाऱ्याच्या पायाला लावला.